समाजसेवा विभागातल्या मॅडम आणि प्लेटलेट देणारा तो मुलगा

माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते. औषधं चालू असूनही या आजाराचे अटॅक येतच राहिले, तेव्हा डॉक्टरांनी तिच्याच रक्तातल्या स्टेम सेल (नव्या रक्तपेशी बनवणाऱ्या मूळ पेशी) काढून ठेवून, जोरदार केमो देऊन त्या परत सोडायचा उपाय सुचवला. गेलेली ताकद परत येईलच असं नाही, पण आजार थोपवता येऊ शकतो, हे त्यांनी आधीच सांगितलं. विमा कंपनीने हात वर केले.

बिलिंगच्या खिडकीपाशी आमची घालमेल बघून समाजसेवा विभागातल्या मॅडम स्वतःहून बाहेर आल्या. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, हे आम्हाला कुठे ठाऊक! त्यांनी रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सगळं क्रमाने लावलं. बाबांना चष्म्याशिवाय वाचता येईना, तर अख्खा अर्ज वाचून दाखवला आणि मगच सही घेतली. उपकाराचा सूर कुठेही नाही. (असले कागद इतक्या शांतपणे समजावणारं माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.) बिलात मोठी सवलत मिळाली.

केमोनंतर प्लेटलेट कोसळल्या. रक्तपेढीच्या फोनवर एक अनोळखी मुलगा रजा टाकून आला, तासाभराहून जास्त वेळ मशीनला बसला. आईने रिक्षाचे पैसे पुढे केले तर म्हणाला, “काकू, त्यापेक्षा तुम्ही दोन घास खा.” आणि कँटीनमधून पोहे आणून तिच्या हातात दिले.

दोघांचेही मनापासून आभार. बहीण घरी आली आहे. काठी अजून लागते, केमोमुळे जुन्या लसींचं संरक्षण उरलं नाही म्हणून लहानपणीच्या लसी पुन्हा घ्यायच्या आहेत, पण नवा अटॅक आलेला नाही.