सूचना : रविवारचे अभ्याससत्र – यवतमाळ ते पुणे

सर्व सभासदांना प्रभू येशूच्या नावात सलाम.

येत्या रविवारी सकाळची उपासना संपली की शरणपूर रोडवरील नेहमीच्या सभागृहात अभ्याससत्र होईल. विषय आहे युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळकांना शिक्षण देणारी संस्था. चहा तिथेच मिळेल, त्यामुळे परस्पर घरी जाऊ नये.

ही सेमिनरी 1953 मध्ये यवतमाळला उभी राहिली. एका मंडळीने स्वतःपुरती काढलेली ही शाळा नव्हे. निरनिराळ्या मंडळ्या आणि मिशन यांनी मिळून ती चालवली, आणि माझ्या मते तिचं खरं मोठेपण यातच आहे. 1983 मध्ये ती पुण्यात बिबवेवाडीला आली. विदर्भातलं गाव सोडून मोठ्या शहरात गेल्यावर पाळकांच्या शिक्षणात काय बदललं, यावर मोकळी चर्चा व्हावी.

तिच्या पदव्या बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटमार्फत, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळामार्फत मिळतात, म्हणून थोडं मागेही जाऊ. सेरामपूर कॉलेज 1818 चं, आणि सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. पदव्या देण्याचा अधिकार त्याला 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने मिळाला. सेरामपूरचेच मिशनरी विल्यम केरी यांनी त्याआधी 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं होतं!

आपलं शरणपूरही एकोणिसाव्या शतकातल्या मिशनच्या कामातूनच वसलं, तेव्हा घराघरात जुने कागद असणारच. आजोबा-पणजोबांपैकी कोणी पाळक किंवा प्रचारक असतील, तर त्यांची प्रमाणपत्रं, वर्गाचे फोटो, प्रवचनाच्या वह्या जरूर आणा. मूळ कागद कोणीही ठेवून घेणार नाही. मोबाईलवर फोटो काढून लगेच परत देऊ. फोटोमागे पेन्सिलीने लिहिलेली नावं पुसट झाली असतील, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच विचारून ठेवा.

ज्येष्ठांना आणायला गाडी हवी असल्यास शुक्रवारपर्यंत चिटणीसांना कळवावे.

– चिटणीस, अभ्यासमंडळ