संरक्षण संशोधनात खानदेश कुठे?

महोदय,

पिनाका रॉकेटचे पॉड (रॉकेट ठेवून डागायच्या पेट्या) भुसावळात बनतात, बंदुकीच्या गोळ्या वरणगावात. तरी संरक्षण संशोधन म्हटले की आपण पुण्याकडे बोट दाखवून मोकळे होतो. पुण्यात पाषाणला, दिघीला डीआरडीओच्या, म्हणजे केंद्राच्या संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या, प्रयोगशाळा आहेत हे खरे. पण त्यांचे दार लहान उद्योगांना बंद नाही. डीआरडीओमार्फत चालणाऱ्या तंत्रज्ञान विकास निधीतून एका प्रकल्पाला 50 कोटींपर्यंत, खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकते. अर्ज कंपनीने करायचा, विद्यापीठाला भागीदार म्हणून सोबत घेता येते. डीआरडीओची पेटंटही भारतीय उद्योगांना विनाशुल्क वापरता येतात. प्राध्यापकांना संशोधन अनुदान मागता येते, ते वेगळेच.

जळगाव एमआयडीसीत पाइप आणि चटया काढणारे कारखानदार पॉलिमर कोळून प्यायले आहेत. कोणत्या तापमानाला माल पिवळा पडतो, हे त्यांचा ऑपरेटर नुसत्या नजरेने सांगतो. तिथून जवळच बहिणाबाई चौधरी विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञान शिकवले जाते. दोघांची गाठ मात्र पडते ती बहुधा सत्कार समारंभात! विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल कपाटात धूळ खातात आणि कारखानदार चाचणीसाठी नमुने मुंबईला धाडतो.

विद्यापीठाने एक माणूस केवळ या कामासाठी नेमावा. तंत्रज्ञान विकास निधीच्या संकेतस्थळावर कोणते तंत्रज्ञान हवे आहे ते वाचून त्याने थेट कारखान्यात जावे. अर्जाची किचकट भाषा पाहूनच आमच्यातले निम्मे जण माघार घेतात.

– एक लघुउद्योजक, जळगाव