वॉकर नको, पांगुळगाडा चालेल

संपादक महोदय,

‘शेजारचं दहाव्या महिन्यात चाललं, आमचं अजून नाही’ म्हणून घाईघाईने वॉकर आणला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह 5 देशांतील बाळांच्या नोंदींवरून 2006 मध्ये दिलेले टप्पे बरेच सैल आहेत. हात-गुडघ्यांवर रांगणे साधारण 5 ते साडेतेरा महिने आणि आधाराविना चालणे 8 ते साडेसतरा महिने. काही बाळे रांगतच नाहीत, बुडावर सरकतात आणि थेट उभी राहतात. त्यात बिघडत काही नाही. बाळ वेळेआधी जन्मले असेल तर वय जन्मतारखेवरून नव्हे, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेवरून मोजावे.

बसायच्या वॉकरमध्ये शरीराचा भार झोळीवर जातो, बाळ चवड्यांनी जमीन ढकलते आणि तोल सावरायचा सरावच होत नाही. शिवाय उंबरा किंवा जिना आला की गाडी उलटते. कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो उभे राहून ढकलायचा असतो. मात्र चाके फार सैल नसावीत, नाहीतर गाडा पुढे पळतो आणि बाळ तोंडावर आपटते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे जमिनीवर सतरंजी, अनवाणी पाय आणि हात लांबवला तरी जेमतेम न पोहोचणारे खेळणे.

नवव्या महिन्यात आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाला चालत नसेल, एकच हात-पाय ओढत असेल किंवा येत असलेली हालचाल थांबली असेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

— एक बालभौतिकोपचारतज्ज्ञ, सातारा