पोवई नाक्यावर वाफेवरचं चायनीज मिळेल का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करतो. जेवणाची सुट्टी दीड ते दोन. बायकोची सकाळची शाळा, त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस डबा नसतो. नाक्यावर खायला काय कमी आहे, असं तुम्ही म्हणाल. मिसळ आहे, वडापाव आहे, थाळी आहे. पण गेल्या वर्षी माझं पित्ताशय काढलं, तेव्हापासून तर्री नुसती बघूनही पोटात ढवळतं, आणि थाळी जेवून जीएसटीच्या आकड्यांपुढे बसलं की डुलकी लागते. मला हवंय कॅन्टोनीज. हसू नका.

हे खूळ बोटीवरचं. मी १९ वर्षं जहाजावर मेसमन, म्हणजे जेवण वाढणारा, होतो. त्यातली ४ वर्षं आमचा भंडारी, म्हणजे बोटीवरचा आचारी, हाँगकाँगचा होता. कॅन्टन म्हणजे आजचं ग्वांगझू, तिकडचं हे जेवण. त्यात तिखट जवळजवळ नाहीच, मसाला बेताचा, जिन्नस ताजा आणि जास्त काम वाफेवर. मासा ताटलीत ठेवून खाली-वर आल्याचे काप घालायचा आणि उकळत्या पाण्यावर झाकण लावून आठ-दहा मिनिटं ठेवायचा. ताटलीत साचलेलं पाणी न विसरता ओतून टाकायचा, वास त्यातच असतो म्हणे. मग वर आल्याच्या आणि पातीच्या कांद्याच्या सुतासारख्या काड्या पसरून धूर निघेपर्यंत तापवलेलं पळीभर तेल ओतायचा. चर्र आवाज व्हायचा, आणि शेवटी थोडा सोया सॉस. बस्स. गणपतीत मी गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, उकडीचे मोदक केले, तर हा शेजारी बसून चुण्या मोजत राहिला. त्यांच्या हार गाऊला, म्हणजे कोळंबी भरून वाफवलेल्या पुरचुंडीलाही, अशाच चुण्या असतात.

आणि सकाळी जूक. म्हणजे आपली पेजच, फक्त वाटीभर तांदळाला दहा-बारा वाट्या पाणी आणि शितं फुटून एकजीव होईपर्यंत मंद आच. वरून चिकनचे धागे, आलं, भाजलेले शेंगदाणे. वादळात सगळी बोट ओकत असताना फक्त ती पोटात टिकायची.

मागच्या महिन्यात इथल्या एका हॉटेलच्या कार्डावर ‘कॅन्टोनीज’ शब्द दिसला आणि मी हरखलो. आलं काय? तळलेल्या नूडल्स आणि त्यावर कॉर्नफ्लॉवरचा पांढरा चिकट लगदा. विचारलं, तर पोरगा म्हणाला, “काका, मंचुरियनच हाय, फकस्त रंग नाय घातला.” पोरगं खरं बोललं, म्हणून मी टिप दिली.

मंचुरियनवर माझा राग नाही. ते मुंबईचं, १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी केलेलं. आपल्या जिभेला आवडलं, गाड्या लागल्या, पोरांची पोटं भरली. पण त्या लाल रंगाचं काय? कर्नाटकने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. आपल्याकडे मात्र हात धुतल्यावरही बोटं लालच राहतात.

चिनी माणूस आपल्या जिल्ह्याला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरच्या तुरुंगात चिनी आणि मलाय कैदी होते. त्यांनी तिथे भाजीपाला पिकवला. चायनामन धबधब्यापाशी फोटो काढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? सामानाचीही अडचण नाही. आलं तर आपलंच, कोरेगावचं. तांदूळ इंद्रायणी चालेल, तो चिकट असतो आणि पेजेला तेच हवं. बोटीवरच्यासारखा समुद्राचा मासा नको, बाजारात मिळणारा चिलापी वाफेवर छान होतो. एवढं असून आमच्या पानात रोज तळणच का?

एखाद्या हॉटेलवाल्याने किंवा बचत गटाच्या ताईंनी दुपारी एक पातेलं जूक आणि एक मोदकपात्र एवढं जरी लावलं, तरी ऐंशी रुपयांना मी तीन दिवसांचं गिऱ्हाईक. आमच्या ऑफिसातले दोघे मधुमेहाचं नाव सांगून आधी नाक मुरडतील, पण वास आला की येतील. गॅस मोठा लागत नाही आणि वोक, म्हणजे चिनी कढई, तीही नको. जूक सकाळी दहाला चुलीवर चढवली की दीडपर्यंत होते. फक्त मधूनमधून ढवळायला माणूस हवा, नाहीतर बुडाला लागते.

कुणी तयार असेल तर एका रविवारी येऊन करून दाखवीन. पातेलं माझं, आलंही मीच आणतो.

आपला,
एक निवृत्त जहाजी
शाहूपुरी, सातारा