केबिन रोज झाडायची का, हे चौघांच्या केबिनला विचारा

महोदय,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, की क्रूझवर रोज केबिन साफ करून घेणं म्हणजे नुसते चोचले, आपण घरी काय रोज चादर बदलतो का, कंपन्यांनी ते कमी केलं तर बरंच झालं, पाणी वाचेल वगैरे वगैरे. वाचून आधी मी मान डोलावली होती. मग आमच्या सुनेनं तेच पत्र वाचलं आणि ती जे बोलली ते काही छापण्यासारखं नाही, म्हणून मी लिहून राहिली आहे.

आपण नागपूरचे लोक, समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर, पाणी म्हटलं की फुटाळा नाहीतर अंबाझरी तलाव. त्यामुळं गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून पेनांग-फुकेतची चार रात्रींची क्रूझ केली तेव्हा कॉलनीत आमची बरीच हवा झाली होती. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी एका केबिनमध्ये, आणि शेजारच्या केबिनमध्ये मुलगा, सून आणि त्यांचे दोन पोट्टे, एक सात वर्षांचा, एक चार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझं भांडण एका कंपनीशी नाहीच आहे.

आता हे "घरी काय रोज चादर बदलतो का" वालं. अहो, चादर तिथेही रोज बदलत नाहीत, नीट करून अंथरतात फक्त, आणि टॉवेल लटकवून ठेवला तर तोच वापरायचा, खाली टाकला तर नवीन, हे बाथरूममध्ये लिहिलेलंच असतं आणि ते मला पटतंही, कारण जहाजावर बरंचसं गोडं पाणी समुद्राच्याच पाण्यातून बनवतात आणि त्याला इंधन लागतं. पण घराशी बरोबरी करायची तर पूर्ण करा ना. घरी तीन खोल्या आहेत, खिडक्या आहेत, गच्चीवर दोरी आहे, फरशीवर फडा मारला की झालं. तिथं आतल्या बाजूची केबिन म्हणजे दीडशे-पावणेदोनशे चौरस फूट, खिडकी एकही नाही, खाली कार्पेट, ते फड्यानं झाडता येत नाही, आणि बाथरूम एवढं की आंघोळीला उभं राहिलं की तो पडदा येऊन अंगाला चिकटतो. कपडे वाळवायला त्याच बाथरूममध्ये एक हातभर दोरी. बरं, घरी आपली बाई दोन दिवस आली नाही तर आपण काय करतो ते सांगू का, कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज टाकतो, कोणाकडे बाई आहे का.

आमच्या दोघांच्या केबिनला मात्र रोज सफाईची काही गरज नव्हती, हे कबूल करते. यांची सवय अशी की उठल्याबरोबर स्वतःची चादर स्वतः घडी करणार, ३४ वर्षं फिरतीची नोकरी केलेला माणूस. चार दिवस कोणी आलं नसतं तरी आमचं काही अडलं नसतं. ते पत्र लिहिणारे वाचक बहुतेक असेच जोडीनं गेले असतील, असा माझा अंदाज आहे.

खरी गंमत शेजारच्या केबिनमध्ये. चौघांची केबिन म्हणजे काय असतं, तर खाली एक डबल बेड, एक सोफा जो उघडला की बेड होतो, आणि चौथा बेड भिंतीत नाहीतर छताला बंद करून ठेवलेला, तो किल्लीनं उघडतो आणि ती किल्ली असते केबिनवाल्या, म्हणजे सफाई करणाऱ्या पोराकडं. पूर्वी सफाई दिवसातून दोनदा व्हायची. सकाळी येऊन सगळं बंद करून खोली मोकळी करायचे, संध्याकाळी आपण जेवायला गेलो की येऊन परत उघडून शिडी लावून ठेवायचे. लोक समजतात की संध्याकाळची फेरी म्हणजे उशीवर चॉकलेट आणि टॉवेलच्या घड्या घालून केलेला हत्ती. ज्यांच्याकडं दोनच माणसं त्यांच्यासाठी तेवढंच, पण चौघांसाठी त्या फेरीवर अख्खी खोली चालते.

आमच्या जहाजावर पहिल्याच दिवशी कार्ड आलं, की सफाई दिवसातून एकदाच, सकाळी हवी की संध्याकाळी ते टिक करा. सुनेनं सकाळ टिक केली. मग रात्री अकराला शो बघून आलो तर बेड बंद, पोट्टे झोपेनं रडून राहिले, मुलानं तो सोफा ओढून उघडला त्यात बोट चेंबलं, वरचा तर उघडलाच नाही, फोन करून माणूस येईपर्यंत पाऊण तास. दुसऱ्या दिवशी बदलून संध्याकाळ केली, तर दिवसभर दोन्ही बेड उघडेच, म्हणजे खोलीत पाय ठेवायला जागा नाही, बॅग उघडायची तर बेडवर चढून, आणि त्याच रात्री लहान्यानं गादी ओली केली होती, नवीन जागा, एसी जोरात, होतं असं. आता ती सकाळी सहाची ओली चादर संध्याकाळच्या सफाईची वाट बघत बसणार का? सून बिचारी चादर हातात घेऊन कॉरिडॉरमध्ये उभी, की कोणी दिसतं का. त्यात फुकेतला पातोंगच्या बीचवरून आलो ती रेती, आणि मीच दिलेला घरचा चिवडा, तो कार्पेटभर. (चिवडा नेला ही माझी चूक, मान्य. पण नागपूरचा माणूस चार रात्री शेव-चिवड्याशिवाय कसा राहील?)

तर रोज सफाई हवी का, याचं उत्तर केबिनमध्ये माणसं किती आणि किती वयाची यावर आहे, आणि कंपन्या नेमकं हेच बघत नाहीत. बऱ्याच ठिकाणी साध्या केबिनला एकदा, आणि महागड्या स्वीटवाल्यांना अजूनही दोनदा. म्हणजे ज्या दोघांना तीन खोल्यांचा स्वीट आहे त्यांच्याकडं दोनदा माणूस जाणार आणि ज्या चौघांना खुराडं आहे त्यांच्याकडं एकदा. काऊन बाप्पा?

आणि हे फक्त आमच्या जहाजाचं नाही. नॉर्वेजियन क्रूझ लाइन नावाची मोठी कंपनी आहे, त्यांनी २०२३ च्या सुरुवातीला साध्या केबिनची दोनदाची सफाई एकदावर आणली, आणि त्याच जानेवारीत ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप, माणशी रोजची १६ डॉलरवरून २० डॉलर केली. सेवा अर्धी आणि टिप सव्वापट. हिशोब जमला की नाही?

ही टिप आपण खुशीनं देतो ती नाही, खात्यातून आपोआप कापली जाते, दर माणशी दर दिवशी, पोरांचीही. आम्ही सहा जण, चार रात्री, अगदी १६ डॉलरनं धरलं तरी ३८४ डॉलर, म्हणजे तीस हजाराच्या वर. आमच्या टूरवाल्यानं बुकिंगच्या वेळी "टॅक्स वगैरे थोडं वेगळं लागेल काकू" एवढंच सांगितलं होतं. आता पैसे गेल्याचं दुःख नाही, पण ज्याच्या नावानं कापले त्याला काय मिळालं ते ऐका.

आमच्या कॉरिडॉरचा केबिनवाला पोरगा निघाला सावंतवाडीकडचा. मराठी ऐकू आलं आणि त्याचा चेहरा असा खुलला की मला माझाच भाचा आठवला. मला काकू म्हणायचा. तिसऱ्या दिवशी मी जरा चिडूनच विचारलं, की बाबा, दोनदा का नाही येत तुम्ही, चौघांचे हाल होतात. तर म्हणाला, काकू, दुसरी फेरी बंद झाली तेव्हा आम्हाला वाटलं जरा आराम मिळेल, तर एकेकाला केबिनच वाढवून दिल्या. आणि एकदाच सफाई म्हटल्यावर प्रत्येक खोली दुप्पट घाण मिळते, वेळ तेवढाच. आठ-नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, त्यात पूर्ण सुट्टीचा एकही दिवस नाही. मी म्हटलं असं कसं, कायदा नाही का काही? घरी येऊन मुलानं शोधून दाखवलं. कायदा आहे, मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे जहाजावरच्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार, २००६ चा, भारतानंही २०१५ मध्ये मान्य केलेला. त्यात कामाच्या तासांची हद्द आहे दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२, किंवा उलटं मोजायचं तर दिवसाला किमान १० तास विश्रांती, तीही दोन तुकड्यांत चालते, एक तुकडा फक्त सलग सहा तासांचा पाहिजे. आपल्याकडं कारखान्यांना १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून आठवड्याला ४८ तासांची हद्द आहे. म्हणजे बुटीबोरीच्या कारखान्यातल्या माणसापेक्षा आठवड्याला चोवीस तास जास्त, आणि ते सगळं कायद्यात बसवून.

म्हणून "रोज सफाई नको, बिचाऱ्यांचं काम कमी होईल" हा जो दयाळूपणाचा मुद्दा आहे ना, तो माझ्या डोक्यातून तिथंच उतरला. काम कमी होत नाही, माणसं कमी होतात.

आमच्या ग्रुपमध्ये एक काका होते, धरमपेठचे, नाव नको. ते पहिल्या दिवसापासून दारावर डू नॉट डिस्टर्बची पाटी लावून, की मला नाही गरज, मी स्वावलंबी. ठीक आहे. पण चौथ्या दिवशी ते काउंटरवर जाऊन म्हणाले की मी सफाई घेतलीच नाही तर माझी ग्रॅच्युइटी काढा, आणि ती निघालीसुद्धा, तशी सोय असते. परत येऊन सगळ्यांना सांगून राहिले होते की बघा कसे पैसे वाचवले. आणि शेवटच्या सकाळी त्यांची केबिन? दार उघडं होतं म्हणून दिसली मला. चार दिवसांचे ओले टॉवेल, संत्र्याची सालं, वास असा की कॉरिडॉरमध्ये येऊन राहिला होता. शेवटचा दिवस या पोरांसाठी सगळ्यात वाईट असतो, सकाळी नऊ-दहापर्यंत जुने लोक उतरतात आणि दुपारी नवीन चढायला लागतात, तेवढ्यात सगळ्या केबिन नव्यासारख्या करायच्या. काकांच्या चार दिवसांचा स्वावलंबीपणा त्या पोरानं त्या दोन-तीन तासांत उचलला, बिनाटिपचा.

आता तब्येतीचं थोडं, कारण त्या पत्रात होतं की सफाईचा आणि आजाराचा संबंध नाही. संबंध आहे, पण लोक समजतात तसा नाही. जहाजावर भीती असते ती नोरोव्हायरसची, उलट्या-जुलाब. तो दाराच्या हँडलवर, नळावर, टीव्हीच्या रिमोटवर काही दिवस टिकतो आणि सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही, साबण-पाण्यानंच हात धुवावे लागतात, आणि जागा पुसायला ब्लीचसारखं औषध लागतं. अमेरिकेतल्या बंदरांवर जाणाऱ्या जहाजांची तिथली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था १९७० च्या दशकापासून तपासणी करते, पाणी, किचन, पूल, पोरांची खेळायची जागा, आणि १०० पैकी ८५ किंवा कमी मार्क पडले की जहाज नापास! आमच्या वेळी ३५ ला पेढे वाटायचे. तर दोन धडधाकट माणसांची केबिन एक दिवस पुसली नाही म्हणून काही साथ येत नाही, पण एकाच बाथरूममध्ये चार जण आणि त्यातलं एक पोरगं उलट्या करत असेल तर हँडल आणि नळ रोज पुसलेच पाहिजेत, तिथं चॉइस ठेवू नये. आणि आपणही जेवायला जाताना हात धुवावेत, जेवणाच्या हॉलच्या दारात जहाजाचा एक माणूस गाणं म्हणून हात धुवायला सांगत असतो आणि आपले लोक त्याच्या बाजूनं निघून जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

२०२० च्या फेब्रुवारीत जपानमध्ये योकोहामाला ते डायमंड प्रिन्सेस जहाज अडकलं होतं, आठवतं का, ३,७११ माणसं आणि त्यातल्या ७१२ जणांना कोरोना. प्रवासी केबिनमध्ये कोंडलेले होते, पण दारापर्यंत जेवण कोण नेऊन देत होतं? हीच पोरं. त्यांना कोण केबिनमध्ये बसू देणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या केबिनमध्ये तीन-चार माणसं, तिथं संध्याकाळची फेरी परत आणा, नाहीतर निदान बेड उघडायला-मिटायला माणूस द्या. दोघांच्या केबिनला एक दिवसाआड केली तरी चालेल, पण मग ग्रॅच्युइटी वाढवू नका आणि त्या पोरांच्या केबिन वाढवू नका. आणि आपल्या सीताबर्डी-धरमपेठच्या टूरवाल्यांनी ब्रोशरमध्ये बुफेचे फोटो छापता तिथंच एक ओळ लिहावी, की सफाई दिवसातून किती वेळा, तिसरा-चौथा बेड कसला, आणि माणशी रोज किती कापणार.

पुढच्या वर्षी नणंदेच्या घरचे आणि आम्ही मिळून मुंबईहून लक्षद्वीपला जायचं म्हणून राहिले आहेत, आता आपल्या मुंबईहूनच जहाज निघतं त्यामुळं सिंगापूरपर्यंत विमानाचा खर्च नाही. पोट्टे धरून आठ जण, दोन केबिन. यावेळी मी आधीच टूरच्या ऑफिसात फोन करून विचारलं, की चौघांच्या केबिनची सफाई कितीदा आणि वरच्या बेडची किल्ली कोणाकडं. पलीकडचा मुलगा जरा थांबला, मग म्हणाला, काकू, हे आजपर्यंत कोणी विचारलं नाही, मी विचारून सांगतो. त्याला आता बारा दिवस झाले.

आपली,
एक नियमित वाचक,
प्रतापनगर, नागपूर