बर्डवूडची मोजपट्टी अजून वापरात

महोदय,

सांस्कृतिक सिद्धांतातील युरोपकेंद्री दृष्टी, म्हणजे युरोपचे निकष साऱ्या जगाला लावणे, हा केवळ विद्यापीठातल्या चर्चेचा विषय आहे, असे अनेकांना वाटते. त्यांनी जॉर्ज बर्डवूड आठवावा. बेळगावात जन्मलेला आणि मुंबईतील आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी झटलेला हा इंग्रज आपल्या विणकर, तांबट, कुंभारांच्या कामावर मनापासून प्रेम करत होता. तरीही १९१० साली लंडनच्या एका सभेत जावामधील बुद्धमूर्तीच्या छायाचित्राची तुलना त्याने चरबी घालून उकडलेल्या पुडिंगशी केली. भारतात ललितकला नाही, हे त्याचे ठाम मत होते. विल्यम रोदेनस्टाइन आदी कलावंतांनी 'द टाइम्स'मध्ये पत्र लिहून निषेध केला आणि त्याच वर्षी भारतीय कलेचा पुरस्कार करणारी इंडिया सोसायटी स्थापन झाली.

बर्डवूड भारतद्वेष्टा नव्हता, म्हणूनच हे उदाहरण मला गंभीर वाटते. ललितकला वेगळी, कारागिरी वेगळी ही विभागणी अठराव्या शतकातील युरोपात पक्की झाली. ती साऱ्या जगाला लागू आहे, असे त्याने गृहीत धरले. आपणही धरतोच. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची परंपरा, 'लोककला' म्हणून बाजूला बसते. सौंदर्यशास्त्राच्या तासाला जर्मन तत्त्वज्ञ कांट आधी येतो, तर रससिद्धांताचा काश्मिरी भाष्यकार अभिनवगुप्त अनेक ठिकाणी वेळ उरला तर घ्यायच्या प्रकरणात. कांट जरूर शिकवावा, पण अठराव्या शतकातील प्रशियाचा विचारवंत म्हणून आणि अभिनवगुप्ताच्या शेजारी, पहिल्याच सत्रात. अभ्यास मंडळांनी येत्या फेररचनेत एवढे तरी करावे.

– एक कलाशिक्षक, कोल्हापूर