सोलरचा डायग्रॅम पास झाला, घरातली वायरिंग मात्र वेगळीच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरावर सोलर बसवणाऱ्या प्रत्येकाने वाचावं म्हणून हे लिहितेय, जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

आमच्याकडे मे महिन्यात ३ किलोवॅटचं सोलर बसलं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते, त्यामुळे आमच्या गल्लीत बघता बघता चार-पाच घरांवर पॅनल चढले आणि आम्हीही मनावर घेतलं. एजन्सीवाला म्हणाला कागदपत्रांचं सगळं आमच्यावर सोडा, तुम्ही फक्त लाईट बिल, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स द्या. आम्ही दिली. वीज कंपनीला द्यायच्या त्या कागदांत घरातल्या सोलरचा एक डायग्रॅम असतो, सिंगल लाईन डायग्रॅम, सगळे एसएलडी म्हणतात. तो आम्ही उघडूनसुद्धा बघितला नाही. दोनदा परत आला एवढं कानावर आलं, एकदा ग्राहक क्रमांक चुकला म्हणून आणि एकदा शिक्का राहिला म्हणून, तिसऱ्यांदा पास झाला. नंतर नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा मीटर, बसवायला माणूस आला, त्याने मीटर बसवला, सील लावलं, फोटो काढला आणि गेला. गच्चीवर कोणी गेलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुपारी वळीव आला, आमच्या दारासमोरच्या पोलवरची वायर तुटून रस्त्यावर पडली. तासाभरात पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं तेवढ्यात लाईनमन आला, पंचविशीतला पोरगा. डीपीवरून लाईन बंद करून आला होता तरी पोलवर चढायच्या आधी त्याने हाक मारली, "ताई, सोलर कुठनं बंद होतं तुमचं?" सोलरला लाईनपासून तोडणारा स्विच, त्याला एसी स्विच म्हणतात, आमच्याकडे वर जिन्याच्या खोलीत, त्या खोलीला कुलूप, चावी ह्यांच्या जुडग्यात आणि हे कामावर. तो पोरगा चाळीस मिनिटं खाली उभा राहिला, लोकांना त्या वायरपासून लांब ठेवत. हे आल्यावर कुलूप काढलं, स्विच पाडला, तेव्हा तो वर चढला.

आता कोणी म्हणेल लाईट गेली की सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणारं मशीन, आपोआप बंद होतो, वीज उलटी लाईनवर जात नाही, मग एवढं काय. होतो, आणि आमचाही झाला होता. पण माझे वडील, अण्णा, बोर्डात ३१ वर्षं लाईनमन होते आणि आता आमच्याकडेच असतात, ते म्हणाले पोराने बरोबर केलं. लाईन बंद आहे असं कोणीही सांगो, टेस्टर लावून, लाईन अर्थ करून मगच हात लावायचा हे ते आम्हाला लहानपणापासून सांगत आलेत, त्यांच्या बरोबरीचा एक माणूस कुणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा लाईनवर आल्याने पोलवरच गेला होता. मशीन बंद झालं असेल या भरवशावर त्यांनी कधीच काम केलं नाही.

संध्याकाळी अण्णांनी सोलरची फाईल मागितली. भिंग घेऊन डायग्रॅमवर बसले आणि अर्ध्या तासाने मला म्हणाले, "बाळ, हे आपलं घर नाही." खरंच नव्हतं. कागदावर ८ पॅनल, गच्चीवर ६. कागदावर थ्री फेज मीटर, आमचं कनेक्शन सिंगल फेज. एसी स्विच मीटरशेजारी, तळमजल्यावर दाखवलेला. तीन अर्थिंगचे खड्डे दाखवलेले, एक पॅनल आणि स्ट्रक्चरचा, एक एसी बाजूचा, एक लाइटनिंग अरेस्टरचा, म्हणजे पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचा. अंगणात शेवग्याजवळ बघितलं तर खड्डे दोनच, अरेस्टरची पट्टी एसीच्या खड्ड्यातच जोडून टाकलेली, म्हणजे वीज पडली तर ती ज्या अर्थिंगमध्ये जाणार त्यालाच आमचा इन्व्हर्टर जोडलेला. दुसऱ्या कुणाच्यातरी घराचा डायग्रॅम उचलून वरचं नाव बदललं होतं. पहिल्यांदा ग्राहक क्रमांक चुकला तो का, हे तेव्हा समजलं.

ज्या लोकांना हा डायग्रॅम म्हणजे इंजिनियरांचं काम वाटतं त्यांना सांगते, मलाही तसंच वाटायचं, अण्णांनी दहा मिनिटांत शिकवला. पॅनलपासून सुरुवात करायची आणि रेघेवर बोट ठेवून खाली यायचं. पॅनलमधून डीसी करंट येतो, तो डीसीडीबी नावाच्या डब्यात, तिथे फ्यूज आणि सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे अचानक दाब वाढला तर वाचवणारं, मग इन्व्हर्टर, तिथे डीसीचा एसी, म्हणजे घरात वापरतो तो करंट होतो, मग एसीडीबी, एसी बाजूचा तसाच डबा, त्यात एमसीबी, मग सोलरचा जनरेशन मीटर, मग नेट मीटर आणि पोल. प्रत्येक डबा घरात नेमका कुठे आहे आणि त्याचं रेटिंग काय हे कागदावर असलं पाहिजे. आमचे ६ पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले आहेत, प्रत्येकाचे जवळजवळ ५० व्होल्ट, म्हणजे गच्चीवरून उतरणाऱ्या वायरीत ३०० व्होल्टच्या आसपास डीसी. घराचा मेन स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर ती वायर जिवंतच असते. उद्या घरात आग लागली, पाईप घेऊन अग्निशमनवाले आले तर ही वायर कुठून जाते हे त्यांना कोण सांगणार?

स्विचचं तर नियमातच आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे सोलर लाईनपासून तोडायचा स्विच वीज कंपनीच्या माणसाला घरमालकाला न विचारता २४ तासांत कधीही हाताला लागला पाहिजे, चालू आहे की बंद ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे आणि बंद करून त्याला कुलूप लावता आलं पाहिजे. आमचं सगळं उलटं, कुलूप स्विचला नाही, खोलीला.

वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानंतर १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यता तपासणी, म्हणजे तिथे एवढं सोलर जोडता येईल का ही तपासणी, लागत नाही. लोकांच्या चकरा वाचल्या, चांगलंच झालं. पण मग डायग्रॅम तरी नीट बघायला हवा ना? शिक्का राहिला म्हणून परत पाठवता, मग सिंगल फेज कनेक्शनच्या फाईलीत थ्री फेजचं चित्र आहे हे का नाही दिसत? एजन्सीच्या माणसाने घर बघून डायग्रॅम काढावा, फिटिंग करताना जागा बदलली तर नवीन काढून द्यावा, आणि मीटर लावायला येणाऱ्याने पाच मिनिटं गच्चीवर जाऊन कागद हातात धरून मोजावं, पॅनल किती, स्विच कुठे, खड्डे किती. याला कुठलं मोठं बजेट लागत नाही. आणि घरमालकांनो, डायग्रॅमवर सही करण्याआधी तुम्ही तो बघा. पॅनल २५ वर्षं टिकतात म्हणतात, तोवर एजन्सीचा फोन लागेल का ते सांगता येत नाही.

आमच्या एजन्सीवाल्याला फोन केला तर म्हणाला, मॅडम डायग्रॅम पास झालाय, सबसिडी आली, आता काय प्रॉब्लेम आहे. स्विच खाली आणायचे पैसे वेगळे पडतील म्हणाला. महिनाभर वाद घालून शेवटी लायसनवाला दुसरा वायरमन बोलावला आणि आमच्याच पैशाने स्विच मीटरशेजारी आणला, तिसरा खड्डाही घेतला.

अण्णांनी शाळेच्या ग्राफ पेपरवर घराचा खरा डायग्रॅम काढलाय, मराठीत, डीसी लाल शाईने आणि एसी निळ्या शाईने. तो लॅमिनेट करून मीटरच्या पेटीवर लावलाय, एक झेरॉक्स वीज कंपनीच्या ऑफिसात फाईलला जोडायला दिली आणि पोच घेतली. फोटो पत्रासोबत पाठवतेय, जागा असेल तर तोही छापा. शाई फिकट वाटली तर कळवा, अण्णा पुन्हा काढून द्यायला तयार आहेत.

आपली,
एका निवृत्त लाईनमनची मुलगी